जिनेकाकांनी ब्लॉग हलवला

शनिवारी सकाळी आलेल्या पत्रात जिनेकाकांचे आभार मानले होते, तेव्हाच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. लेखी आभार मानले की समजावं, आपलं टेबल कुणीतरी आधीच उचललंय.

*आमच्या प्रवासात साथ दिल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. येत्या शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता आमची होस्टिंग सेवा कायमची बंद होत आहे. त्यानंतर आपला ब्लॉग, त्यावरील प्रतिक्रिया आणि त्याचा पत्ता उपलब्ध राहणार नाही. आपला दिवस आनंदात जावो.*

"अहो, चहाचं पार पाणी झालं," काकू आतून म्हणाल्या.

"दिवस आनंदात जावो म्हणे," काका म्हणाले. "कुणाचा?"

जिने, आणि जिन्यांखालचा माणूस

काकांच्या ब्लॉगचं नाव 'जिना'. त्यात शहरातले एकशे शहाण्णव जिने होते. प्रत्येक पायरीची उंची, रुंदी, कठड्याचा कल, आणि पाय नेमका कुठे घसरतो ते. काका खिशात टेप घेऊन हिंडायचे. इस्पितळात कुणाला भेटायला गेले तरी आधी जिना मोजायचे आणि मग आजाऱ्याची चौकशी करायचे. त्यामुळे अख्खी इमारत त्यांना जिनेकाका म्हणायची. त्यांच्या तोंडावर म्हणायची, हे विशेष.

लेखांची काळजी नव्हती. मूळ आराखडे माळ्यावर नळकांड्यांत गुंडाळून ठेवलेले होते. काळजी होती ती लेखांखाली जे चालायचं त्याची.

उदाहरणार्थ, जिना क्रमांक अठ्ठ्याऐंशी, टपाल कचेरीचा. काकांनी लिहिलं होतं, 'पायऱ्या इतक्या समजूतदार, की तीन मजले चढून दम लागत नाही.' त्याखाली:

*एक वाचक: दम लागत नसेल तर लेखक तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर अर्धा तास का बसला होता? तिथली लिफ्ट चालू होती.*

*लेखक: लेखक निरीक्षण करत होता.*

*एक वाचक: डोळे मिटून?*

हा वाचक म्हणजे काकांचा सख्खा थोरला भाऊ, दादा. दादाने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अकरा वर्षांपूर्वी आईचं लाकडी कपाट काकांच्या घरी वर न्यायचं होतं. काकांनी मोजून सांगितलं, जिन्यानं जाईल. दादा म्हणाला, लिफ्टनं. काकांनी जिन्यानं नेलं, आणि ते दुसऱ्या वळणावर असं अडकलं, की दोन दिवस वरची माणसं वर आणि खालची खाली राहिली. कागदावर जिने काढणाऱ्यांनी सामान हलवू नये, असं दादा म्हणाला. बटणं दाबणाऱ्यांनी मोजमापात बोलू नये, असं काका म्हणाले. त्यानंतर दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

बोलले नव्हते, पण रोज सकाळी सात वाजता दादा ब्लॉगवर यायचा आणि 'एक वाचक' म्हणून काहीतरी खरडून जायचा. काका 'लेखक' म्हणून उत्तर द्यायचे. अशा आठ हजारांच्या वर प्रतिक्रिया जमल्या होत्या. निम्म्या याच्या, निम्म्या त्याच्या, आणि एक केसांच्या तेलाच्या जाहिरातीची.

"मग नव्या ठिकाणी नवा ब्लॉग काढा," काकू म्हणाल्या. "जिने काय पळून चाललेत?"

"आणि पत्ता बदलला तर दादा येईल कुठे?"

"त्यांना सांगायचं, पत्ता बदललाय म्हणून."

"कुणी सांगायचं?"

काकू कप उचलून आत गेल्या. अकरा वर्षांत या प्रश्नावर त्यांच्या घरातली सगळी उत्तरं संपली होती.

दंतवैद्यांचा सल्ला

समोरचे दंतवैद्य संगणकातले जाणकार मानले जात, कारण त्यांच्या दवाखान्याची स्वतःची वेबसाइट होती.

"सोप्पं आहे काका," ते म्हणाले. "ब्लॉग म्हणजे तुमचं सामान. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. पत्ता म्हणजे दारावरची पाटी. खोली बदलायची, सामान न्यायचं, पाटी नव्या दारावर ठोकायची. काही दुखत नाही."

हे वाक्य ते दिवसातून वीस वेळा म्हणत असल्यामुळे काकांचा त्यावर विश्वास बसला नाही.

"तुमची कंपनी कशी आहे?"

"एक नंबर! हे बघा." दंतवैद्यांनी फोनवर आपली वेबसाइट उघडली. पडद्यावर एक ससा आला. पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा. दंतवैद्यांनी फोन हलवून पाहिला. ससा हलला नाही. "हे बहुतेक... आजच झालंय," ते म्हणाले.

"गेल्या वर्षी मी दाढेसाठी वेळ घ्यायला गेलो तेव्हाही ससाच होता," पाठीमागून विमावाले म्हणाले. विमावाले दुसऱ्या मजल्यावर राहत आणि कुठल्याही मजल्यावरच्या संभाषणात वेळेवर पोचत. "काका, माझं ऐका. कंपनी काय देते ते विचारू नका. काय द्यायला नाकारते ते विचारा. माणूस नकारात खरं बोलतो."

काकांना हे पटलं. दुर्दैवाने, त्यांनी त्याला स्वतःची भर घातली.

काकांची कसोटी

तुम्हीआम्ही होस्टिंग कंपनी निवडताना वेग बघू, जागा बघू, लोकांनी दिलेले तारे मोजू. काकांनी ठरवलं, की ज्या इमारतीत आपला ब्लॉग राहणार तिचा जिना कसा आहे ते विचारायचं. आग लागली तर यंत्रांकडे माणूस धावत जाणार तो जिन्यानंच. जिना नीट नाही ती कंपनी कसली? यात चूक काढणं अवघड आहे. पण कंपन्यांना हा प्रश्न यापूर्वी कुणी विचारला नव्हता.

*काका: नमस्कार. आपली यंत्रं कितव्या मजल्यावर आहेत आणि जिना किती रुंद आहे?*

*कंपनी: नमस्कार! मी तुमची मदतनीस. १) नवी योजना हवी २) जुनी योजना वाढवायची?*

*काका: रुंदी विचारली.*

*कंपनी: अभिनंदन! तुम्ही १ निवडलं आहे.*

*काका: मी काहीही निवडलेलं नाही.*

*कंपनी: या संभाषणाला किती तारे द्याल?*

दुसऱ्या कंपनीने 'अमर्याद जागा' देऊ केली. ज्या वस्तूला माप नाही ती वस्तू काकांच्या लेखी अस्तित्वात नव्हती. त्यांनी खिडकी बंद केली. तिसऱ्या कंपनीचा तरुण फोनवर फार गोड बोलला. "सर, आमची सेवा नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के वेळ चालू असते."

काकांनी कागदावर हिशेब केला. "म्हणजे हजार पायऱ्यांच्या जिन्यात एक पायरी नाही."

"सर?"

"कुठली नाही ते सांगा. म्हणजे मी ती ओलांडीन."

तरुणाने वरिष्ठांना विचारून कळवतो असं सांगितलं. तो बहुधा अजून विचारतो आहे.

असे रविवार, सोमवार आणि मंगळवार गेले. काकांची झोप उडाली. तोंड धुताना ते आरशात बघून "तीन दिवस" म्हणायचे. काकूंनी मधल्या काळात सुचवलं, की प्रतिक्रिया निदान कागदावर उतरवून ठेवाव्यात. काकांनी लगेच नकाशाचा कागद पसरला, शाई काढली आणि ठाशीव, सरळ अक्षरांत सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. फार सुंदर झाल्या. आठ हजारांना किती दिवस लागतील, हे काकूंनी मनात मोजलं आणि मनातच ठेवलं.

बुधवारी सकाळी सातव्या कंपनीत एका बाईंनी फोन उचलला.

"जिना?" बाई म्हणाल्या. "आमचा? थांबा हं काका." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग धापा. "अडतीस पायऱ्या आहेत. सतरावी हलते. कठडा आहे, पण त्याला टेकू नका. मी दोनदा तक्रार दिलीय."

काकांचे डोळे भरून आले. "बाई," ते म्हणाले, "ब्लॉग तुमच्याकडेच येणार."

फॉर्म

*ब्लॉगचे नाव:* जिना.

*हलवण्याचे कारण:* नाइलाज.

*लेख व प्रतिक्रिया जुन्या कंपनीकडून थेट मागवायच्या का?* हो. एकही गळता कामा नये. तेलाचीसुद्धा.

*पत्त्याची नोंद कोणाच्या नावे आहे?*

इथे काका थांबले. अकरा वर्षांपूर्वी ब्लॉग काढला तेव्हा, म्हणजे कपाटाच्या आधी दोन महिने, काकांकडे मोबाइल नव्हता. फॉर्म दादाने भरला होता. दादाच्याच नावाने, दादाच्याच नंबरवर.

*अर्जदाराचे मालकाशी नाते (स्वतः / कर्मचारी / प्रतिनिधी / इतर):* इतर.

*तपशील:* धाकटा.

फॉर्म पाठवल्याबरोबर पडद्यावर ओळ आली: 'मालकाच्या नोंदणीकृत फोनवर सहा आकडी ओटीपी पाठवला आहे. वैधता दहा मिनिटे. एकूण संधी तीन.' खाली फोनचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. बाकीचे आठ आकडे काकांना तोंडपाठ होते. अकरा वर्षांत ते एकदाही दाबले नव्हते, तरी.

"मग लावा फोन," काकू म्हणाल्या.

"मी?"

"नाही, केसांच्या तेलवाला."

"आधी त्यानं लावायचा. तो थोरला आहे."

"भांडताना कुठे होतं हे थोरलं-धाकटं?"

(या जागी काका फोनकडे बघतात. परिच्छेद दहा मिनिटांचा आहे. त्यात दुसरं काही घडत नाही.)

पहिली संधी गेली.

जिना क्रमांक एकशे सत्त्याण्णव

आता जे काकांनी केलं ते जगात फक्त हे दोन भाऊच करू शकतात. जो निरोप फोनवर एका वाक्यात देता आला असता, तो त्यांनी ब्लॉगवर लेख म्हणून छापला. 'ज्या वाचकाच्या फोनवर सहा आकड्यांचा क्रमांक येईल, त्याने तो कृपया प्रतिक्रियेत लिहावा. हा ब्लॉग शुक्रवारी पाच वाजता बंद पडत असून तो क्रमांक मिळाला तरच वाचेल. लेखक उद्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी क्रमांक मागवील.'

अडतीस पायऱ्या मोजून आलेल्या हेल्पलाइनच्या बाईंनी फोनवर हे ऐकून पाणी मागवलं. "काका, ओटीपी जगासमोर लिहायला सांगताय?"

"जग तिथे येत नाही," काका म्हणाले. "फक्त दादा येतो."

गुरुवारी सकाळी पावणेसातपासून काका खुर्चीत ताठ बसले होते. काकू मागे उभ्या होत्या. सात वाजले.

*एक वाचक: या लेखात जिना कुठे आहे? एकही माप नाही. लेखकाचा दर्जा घसरला.*

*लेखक: जिना नंतर. क्रमांक पाठवतो आहे.*

काकांनी बटण दाबलं. सात वाजून पाच.

*एक वाचक: आला.*

*लेखक: लिहावा.*

*एक वाचक: त्याखाली 'हा क्रमांक कुणालाही सांगू नका' असं लिहिलेलं आहे.*

*लेखक: ते सगळ्यांनाच लिहितात.*

*एक वाचक: मग सगळ्यांनीच पाळायला हवं. मी चाळीस वर्षं लिफ्टमध्ये सहा माणसांची पाटी लावली. सातव्याला बाहेर काढलं. एकदा सातवा मंत्री होता.*

*लेखक: हे वेगळं आहे.*

*एक वाचक: मंत्रीही असंच म्हणाला.*

सात वाजून दहा. "ब्लॉग मेला तर चालेल का विचारा!" काकू ओरडल्या. काकांनी लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं. ड्राफ्ट्समनचा हात, घाईत त्याला काही येत नाही. तोवर सव्वासात झाले.

*लेखक: दुसरी संधी गेली. शेवटची उद्या. त्यानंतर हे सगळं बंद.*

खाली कोरी जागा होती. काका दुपारपर्यंत बसून होते. कोरीच राहिली.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी सात वाजता दादा आलाच नाही. ब्लॉगवर असं अकरा वर्षांत फक्त दोनदा झालं होतं. एकदा दादाचा मोतीबिंदू आणि एकदा वहिनींच्या बहिणीचा मुक्काम.

काका जेवले नाहीत. दुपारी त्यांनी माळ्यावरून नळकांडी काढली आणि परत ठेवली. विमावाले सांत्वनाला येऊन "शेवट सगळ्यांनाच असतो, म्हणून तर आपण पॉलिसी काढतो," असं बोलून गेले. चार वाजून पाच मिनिटांनी काकूंनी आपला फोन उचलला आणि सरळ नंबर फिरवला.

"वहिनी? हो, मीच. तुमच्या गुडघ्याचं मागाहून. दादा कुठेत?"

काका बघतच राहिले. "तुम्ही दोघी बोलता?"

"दर मंगळवारी," फोनवर हात ठेवून काकू म्हणाल्या. "कपाट काय आमच्यावर पडलं होतं?" मग पुन्हा फोनमध्ये, "काय? कधी?" आणि फोन खाली ठेवून, "तासापूर्वी घराबाहेर पडलेत. रात्रभर त्या निरोपाचं वाक्य परत परत वाचत होते म्हणे. मग एकदम म्हणाले, 'सांगू नका लिहिलंय. दाखवू नका कुठे लिहिलंय?' आणि चपला घालून निघाले."

"दाखवायला? इथे?"

"नाही, पोलिसात. इथेच हो!"

काका उठले, शर्टाची बटणं लावली, परत काढली, परत लावली. चार वाजून वीस. चार पंचवीस. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता. मग जिन्याच्या बाजूने एक ओळखीचा, जड, लोखंडी 'खट्' असा आवाज आला आणि इमारत शांत झाली. आमची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आठवड्यातून एकदा विचार करायला थांबते, असं दंतवैद्य नेहमी म्हणायचे. ती थांबली होती.

काका पायऱ्या उतरले. अर्ध्यावर थांबले. भिंतीपलीकडून, पोलादी पत्र्यातून आवाज आला.

"बाहेर कुणी आहे का?"

अकरा वर्षांनी ऐकलेला आवाज. थोडा घोगरा झाला होता. काकांनी पत्र्यावर हात ठेवला.

"आहे," शेवटी ते म्हणाले.

पत्र्यामागे चपला सरकल्या. मग:

"लेखक का?"

"हो."

"तुमच्या इमारतीच्या लिफ्टची निगा अत्यंत वाईट आहे."

"म्हणून मी जिन्यानं जातो."

भांडण जिथे थांबलं होतं तिथून सुरू होण्यात काही अडचण नव्हती. अडचण वेळेची होती. चार वाजून एकतीस.

"फोन आणलाय?" काकांनी विचारलं.

"आणलाय. दाखवायला. आता दार उघडल्यावर दाखवतो."

"दार कधी उघडणार?"

"कंपनीचा मेकॅनिक येईल तेव्हा. बाहेरच्यानं दाराला हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"अरे, मेकॅनिक तूच आहेस!"

"मी निवृत्त आहे," आवाज म्हणाला. "शिवाय आत आहे."

एव्हाना जिना भरला होता. दंतवैद्य दवाखान्याचा अंगरखा घालून मधल्या वळणावर उभे. विमावाले खालून वर आले. काकू वर दारात, कानाला फोन, फोनवर हेल्पलाइनच्या बाई. लिफ्ट कंपनीला फोन झाला. माणूस तासाभरात पोचेल म्हणाला. चार चाळीस. तिकडे बाई म्हणत होत्या, की शेवटचा ओटीपी आता मागवला नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या पाचच्या आत होणार नाहीत. मागवला आणि दहा मिनिटांत दिला नाही तर तोही गेला.

"मागवा," काका वर बघून ओरडले.

"मागवा," दंतवैद्य ओरडले.

"मागवते," काकू ओरडल्या.

चार बेचाळीस. सगळे पत्र्याकडे बघत राहिले.

"आला का?"

"रेंज नाही. पंख्याच्या भोकाशी धरलाय फोन." खुडबुड. "हात दुखतोय." खुडबुड. टिंग. "आला."

"सांग."

आत पुन्हा खुडबुड.

"दादा, सांग!"

"दाखवणार होतो मी," आतून आवाज आला, आणि आता त्यात तक्रार होती, लहान मुलासारखी. "दाखवायला आलो होतो. सांगू नका लिहिलंय रे त्यात. कुणालाही."

चार सेहेचाळीस. विमावाले हळूच म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की विमावाले दोन पायऱ्या खाली उतरले.

काका पत्र्याला कान लावून उभे होते. आतल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. बोट-दोन बोटं पत्रा. नेमका किती जाड, हे एरवी त्यांनी मोजलं असतं. त्यांनी आवाज खाली आणला, दंतवैद्यांना ऐकू जाऊ नये इतका. जिन्यात आवाज घुमतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी आणला.

"दादा. मी 'कुणीही' आहे का?"

आत दादा खाली बसल्याचा आवाज आला.

चार अठ्ठेचाळीस.

"ते कपाट," आतून आवाज आला, "लिफ्टमध्येही मावलं नसतं. मी नंतर येऊन मोजलं होतं. चार बोटं कमी पडत होती."

"आणि अकरा वर्षं बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"अहो!" वरून काकू ओरडल्या. "तीन मिनिटं राहिली!"

"लिही," दादा म्हणाला. "सात."

"सात!" काका ओरडले. "सात!" दंतवैद्य ओरडले. "सात," काकू फोनमध्ये म्हणाल्या. मग शून्य, मग चार, मग चार, मग एक. सहावा आकडा दादाने सांगितला तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत सगळी दारं उघडी होती आणि एवढा गुप्त आकडा एवढ्या माणसांनी एकसुरात म्हटल्याचं दुसरं उदाहरण सापडणार नाही. "नऊ!"

काकू आत धावल्या. जिन्यात कुणी हललं नाही. चार वाजून एक्कावन्न. बावन्न. काकांनी कठडा धरला होता. त्यांच्या हाताखाली तो गार होता आणि कललेला होता, पण तिकडे त्यांचं आज प्रथमच लक्ष नव्हतं.

काकू दारात आल्या. त्यांनी नुसता अंगठा वर केला, आणि मग दंतवैद्यांनी वाकून, पत्र्याला तोंड लावून, दवाखान्याच्या आवाजात सांगितलं, "झालं हं दादा. अजिबात दुखलं नाही ना?"

नवी जागा

सगळ्या प्रतिक्रिया आल्या. काकांनी मोजल्या. एकही गळली नाही, तेलाची तर दोनदा आली. पत्ता तोच, पाटी तीच. शनिवारी काकांनी एकशे अठ्ठ्याण्णवावा जिना लिहिला, शाळेचा, सगळी मापं घालून, आणि रविवारी सकाळी पावणेसातला खुर्चीत बसले.

सात वाजले. प्रतिक्रिया नाही. सव्वासात. नाही. काकांनी पान पुन्हा उघडून पाहिलं. सात वीसला फोन वाजला.

"वाचलं," दादा म्हणाला. "शाळेच्या जिन्यावर एवढं लिहिलंस आणि तिथे कठड्यावरून मुलं घसरतात त्याचा पत्ताच नाही?" तिथून पुढे चाळीस मिनिटं. काकांचा कान लाल झाला. सोमवारी पन्नास मिनिटं. मंगळवारी वहिनींनी मधे काकूंशी बोलून घेतलं म्हणून थोडी विश्रांती मिळाली, नाहीतर तासाच्या वर गेलं असतं.

लेखाखाली मात्र कोरी जागा होती. रोज. सहा दिवस ज्या जागेसाठी काकांनी झोप घालवली, ती जागा नव्या खोलीत लख्ख रिकामी पडली होती.

"दादा," बुधवारी काका म्हणाले, "हे खाली लिहीत जा की."

"आता कशाला लिहू? बोलतोय ना."

"रिकामं दिसतं रे ते."

तिकडे चष्म्याची डबी वाजली. "डोळे दुखतात हल्ली त्या पडद्यानं," तो म्हणाला. मग, "बरं. मी सांगतो, तू लिही. माझ्या नावानं. वाचक म्हणून."

काकांनी खांद्यावर फोन दाबून धरला आणि दोन बोटांनी लिहायला सुरुवात केली. दादा सांगत होता, सावकाश, ठासून, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. काका स्वतःविरुद्ध लिहीत होते.

"झालं?"

"झालं."

"वाचून दाखव."

काकांनी वाचलं.

"'मूर्खपणा' शब्द कुठे गेला?"

"वाक्य लांब होत होतं."

"घाल."

"दादा, अरे लोक वाचतात."

"कोण वाचतं? मी आणि तू. घाल."

"घातला," काका म्हणाले. आणि दादाला तिकडून काही दिसत नव्हतं, तरी खरंच घातला.